आतलं कार्ड, बाहेरची डबी आणि तो हुंऽऽ

...नाही, डबी घेणार नाही म्हणजे नाही! तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटर माझा, माइक माझा, आणि अक्कल कोणाची? मेहुण्याची! अहो, तीस वर्षं शाळेत धडे वाचले मी, शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत! आता निवृत्तीनंतर प्रकाशनाच्या बाई म्हणाल्या, "सर, एक पुस्तक वाचून रेकॉर्ड कराल? शनिवारपर्यंत एक पान नमुन्याला पाठवा... पण आवाज स्वच्छ हवा हं!" आता मला ते काम हवंच होतं, लपवायचं कशाला? घरात बसून बसून माणूस गंजतो हो! केलं रेकॉर्ड, ऐकलं, तर काय? पूर्णविराम आला रे आला की... हुंऽऽऽ!

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, कॉम्प्युटरच्या पोटात नुसता गोंगाट असतो. ही यूएसबीची, आवाज साफ करणारी डबी बाहेर जोडा, प्रश्न मिटला!" अरे, पोटाचं काम पोटात! जठर कोणी पिशवीत घालून हिंडतं का? आणि दुकानदार काय म्हणाला? "काका, आवाजाचं साउंड कार्ड टाका कॉम्प्युटरच्या आत, डोळे मिटून टाका." टाकलं! डोळे मिटूनच टाकलं असावं, बोट कापलं. पण कान माझे आहेत ना? माझ्या कानांना कार्डच हवं होतं!

लावलं. वाचलं. ऐकलं... हुंऽऽऽ!

मग पंखा बंद. फ्रीज बंद, दूध नासलं. भिंतीवरचं घड्याळ काढून गादीखाली घातलं. हुंऽऽऽ! तेवढ्यात मेहुणा डबी घेऊन हजर, गालातल्या गालात हसत. म्हटलं, लाव बाबा, हौस भागव. त्याने लावली, मी वाचलं, आणि ऐकतो तर... हुंऽऽऽ! काय आनंद झाला म्हणून सांगू! काम हातचं चाललं होतं, पण मेहुणा तोंडावर पडला होता!

शुक्रवारी आमची ही म्हणाली, "अहो, तो आवाज तुमचाच आहे. वाक्य संपलं की गुणगुणता तुम्ही. लग्न झाल्यापासून ऐकतेय."

मी? गुणगुणतो? कान माझे आहेत ना? मला ऐकू येणार नाही?

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणाली, डबी काढली, माइकची वायर कॉम्प्युटरच्या मूळच्या भोकात खुपसली, आणि कणकेचे हात पुसत तेच पान वाचलं. ऐकलं... चिडीचूप! हुं नाही की चूं नाही.

योगायोग! मी ऐकतो होय? दोन्ही पानं बाईंना पाठवली, म्हटलं, तुम्हीच निवाडा करा, हा हुं यंत्राचा की माणसाचा?

सोमवारी फोन. "सर, दुसरा आवाज काय गोड आहे हो! पुस्तक त्यांनाच देतोय. यंत्र कुठलं वापरलंत?"

लागलं मनाला. खूप लागलं. पण मान ताठ ठेवून सांगितलं, "कार्ड! आतलं!"

आता ही आत वाचते आणि मला जिन्यात बसवते. परवा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले, म्हणाले, "सर, जिन्यातल्या मीटरमधून हुंऽऽ असा आवाज येतोय. इलेक्ट्रिशियनला बोलावू का?"

म्हटलं... बोलवा.