रेडिओपुढे धरलेला फोन

नाही, मला एक सांगा, उद्या सकाळी टाकी धुणार म्हणून पूर्व भागात पाणी येणार नाही, या बातमीत असं काय गुपित आहे हो? कोण परका माणूस ही बातमी चोरून नेणार आहे, आणि नेली तर तिचं काय लोणचं घालणार आहे? पण नाही! मी आपला जेवणाच्या सुट्टीत मोबाइल काढतो, आमच्या गावच्या रेडिओ स्टेशनचं ॲप उघडतो, ते गोल फिरतं, फिरतं, फिरतं, मला वाटतं आता लागणार... आणि येतं काय? पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं. ‘ही सेवा आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.’ आपल्या प्रदेशात! अरे, कुठला माझा प्रदेश? अकरा वर्षं झाली इथं येऊन, इथल्या एका माणसानं कधी ‘हा तुझा प्रदेश’ असं म्हटलं नाही, आणि या ॲपनं पहिल्या फटक्यात सगळा देश माझ्या नावावर करून टाकला!

आणि कार्यक्रम तरी काय मोठा? ‘हरवलं-सापडलं’. संध्याकाळी साडेसात ते आठ. तो निवेदक, कायम पडसं झाल्यासारखा, ‘श्रोतेहो... बस स्टँडवर एक काळी छत्री सापडली आहे... मूठ तुटलेली, एक काडी सुतळीनं बांधलेली... ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी...’ ओळख पटवून! मुठीवाचूनच्या छत्रीची! तीन आठवडे ती छत्री चालली होती, तुम्हाला सांगतो, मला तर वाटायला लागलं की माझीच असेल. मग पाणी कुठं नाही, दिवे कुठं जाणार, शेवटी दोन जुनी गाणी, झालं. पण तिथले साडेसात म्हणजे बरोबर इथली माझी जेवणाची सुट्टी, आणि तेवढा अर्धा तास मला ती छत्री पाहिजे म्हणजे पाहिजे.

का पाहिजे? सांगतो. मी कवळ्या करतो. हसा, हसा, सगळेच हसतात. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात आणि आम्ही तळघरात बसून त्यांचे दात करतो. सहा माणसं, सहा दिवे, घासायच्या मशीनचा तो गुलाबी भुगा... डब्यात भुगा, केसांत भुगा, कानांत भुगा. दिवसभर माझ्यापुढे पंधरा-वीस तोंडं आ वासून पडलेली असतात आणि त्यातलं एकही बोलत नाही. म्हणून म्हटलं, अर्धा तास कुणीतरी आपल्या भाषेत छत्रीबद्दल तरी बोलावं.

तर मी स्टेशनला फोन लावला. एक बाई. ‘नमस्काऽऽर सर, आपण कुठून बोलताय?’ म्हटलं, परदेशातून. ‘मग सर, सेवा उपलब्ध नाही.’ म्हटलं, तेच तर विचारतोय, का नाही? ‘सर, कारण आपण परदेशातून बोलताय.’ बरं मग मी काय करू? आणि काय सांगू तुम्हाला, किती गोड आवाजात, ‘सर, आपण परत आलात की लगेच ऐकू येईल.’ आहे का उत्तर यावर? अहो बाई, परत आलो तर रेडिओ कशाला ऐकेन, बस स्टँडवर जाऊन छत्रीच घेऊन येईन ना!

हे सगळं मी तेव्हा, पाच वर्षांपूर्वी, चिडून बाबांना सांगितलं. बाबा म्हणजे... छापखान्यात मशीनवर चौतीस वर्षं. त्या धडधडाटात बोलून उपयोग नसतो, त्यामुळे बोलायची सवयच गेलेली. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे, जेवलास? हो. थंडी आहे? आहे. बरं. संपलं! पण त्या दिवशी ते म्हणाले, ‘मी फोन रेडिओपुढे धरतो. ऐक.’ बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून सुरू. त्यांच्या त्या बटणाच्या फोनवरून साडेसातला मिस्ड कॉल, मग मी इकडून लावायचा, त्यांच्या हातात फोन थरथरला की ते उचलायचे आणि धरायचे रेडिओपुढे. अर्धा तास! हात अवघडला की दुसऱ्या हातात. आठ वाजता, ‘झालं. स्वच्छ ऐकू आलं?’ हो बाबा. ‘बरं.’ कट.

स्वच्छ? कसलं स्वच्छ हो! छत्रीची मूठ सांगायची वेळ आली की शेजारच्या कुकरची शिट्टी. पाण्याची वेळ सांगतायत तर खाली कुणाची तरी स्कूटर सुरूच होत नाहीये. आणि या सगळ्यावर, टक्. टक्. मधेच गाणं रंगात आलंय... टक्! ही बाबांची कवळी. जिभेनं उचलायची, सोडायची, उचलायची, सोडायची, त्यांना भानच नसतं. आणि कुणी केलेली? मीच! निघायच्या आदल्या आठवड्यात, घाईघाईत, दात जरा जास्तच पांढरे झाले, बाबा हसले की दिवा लागल्यासारखं वाटायचं. आता माणसाचं वय वाढतं तशा हिरड्या आटतात, कवळी सैल पडते, दोन-तीन वर्षांनी तिला आतून अस्तर घालून द्यावं लागतं. अर्ध्या दिवसाचं काम! दर वेळी म्हणायचो, बाबा, आलो की बसवून देतो. चार वर्षांपूर्वी आठ दिवस गेलो होतो, तर त्यात कागदपत्रं, बँक, ताईच्या घरचं जेवण, हिच्या माहेरचं जेवण... राहिलंच. जगाच्या कवळ्या करतो मी, बापाची राहिली.

आणि वर मीच ओरडायचो! अहो बाबा, जरा ती टकटक बंद करा, काही ऐकू देत नाही तुम्ही! उत्तर नाही. मला वाटायचं, मुद्दाम करतात. पहिल्यापासूनचे हट्टी.

मग आमच्या इथला प्लास्टरवाला, साचे ओतणारा, त्याला माझी दया आली. म्हणाला, ‘एवढं काय, व्हीपीएन टाक.’ म्हणजे काय, तर तुम्ही बसायचं इथंच, आणि मोबाइलनं जगाला सांगायचं की हा माणूस तिथं आहे. सरळ सरळ खोटं बोलायचं यंत्र! पहिल्या दिवशी ते मला कुठल्या तिसऱ्याच देशात घेऊन गेलं, तीन दिवस मला बोटी विकत घ्या म्हणून जाहिराती येत होत्या. पण चौथ्या दिवशी... लागलं! पाटी गायब! ‘श्रोतेहो...’ असा खणखणीत आवाज की त्या निवेदकाचं पडसं कुठल्या नाकपुडीत आहे ते कळावं. कुकर नाही, स्कूटर नाही, टक् नाही.

आणि मी काय केलं? शहाणा मी! मी लगेच बाबांना फोन केला. म्हटलं, बाबा, आता तुम्हाला फोन धरून बसायला नको! मला इथंच ऐकू येतं, स्वच्छ! पलीकडे काही नाही. मी परत ओरडून सांगितलं. काही नाही. शेवटी ताईला फोन केला, तिनं घरी जाऊन त्यांना समजावलं. मग ते फोनवर आले. ‘बरं.’ टक्. कट.

पाच महिने! पाच महिने मी स्वच्छ रेडिओ ऐकला, आणि तुम्हाला खरं सांगू, काय भिकार कार्यक्रम आहे हो तो! मला झोप यायला लागली. बाबांचा फोन आठवड्यातनं एकदा, मग पंधरवड्यातनं. त्यांना कारणच उरलं नाही ना. जेवलास? थंडी आहे? आता तर मी काय म्हणतो तेही न ऐकता, बरं.

न ऐकता. बघा, जिभेवर होतं माझ्या, डोक्यात शिरलं नाही.

ताईचा फोन आला. ही माझी मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते, रोज डबा घेऊन जाते. म्हणाली, ‘बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दोन्ही गेलेत रे. आज नाही, डॉक्टर म्हणतात तीन वर्षं तरी झाली असतील. मशीन लावून उपयोग नाही म्हणाले.’ मी म्हटलं, काहीतरीच काय! तीन वर्षं? अगं, ते रोज माझ्याबरोबर रेडिओ ऐकत होते! तर म्हणाली, ‘ऐकत नव्हते रे. धरत होते.’

...धरत होते. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले की ‘स्वच्छ ऐकू आलं?’, मग माझं ‘हो’ येऊन जाईल एवढा वेळ थांबायचं, मग ‘बरं’. माझं ‘हो’ त्यांना कधी ऐकूच आलं नाही! आणि टकटक बंद करा म्हणून मी ओरडत होतो, कुणाला हो? वर ताई म्हणते, ‘अजून बसतात साडेसातला. रेडिओ लावून, फोन हातात घेऊन. तुला लावत नाहीत. नुसते बसतात.’

तुम्ही म्हणाल, मग व्हिडिओ लाव. लावला की, ताईच्या मोबाइलवर. बाबा त्यात बघतच नाहीत, मला अर्धा तास नुसतं कपाळ दिसतं. तुम्ही म्हणाल, मग विमानात बस आणि जा. वा! जातो की! माझा इथं राहायचा अर्ज आहे ना कचेरीत, चौदा महिने. काचेमागे एक माणूस बसतो, तो काचेच्या भोकातून म्हणतो, ‘प्रक्रियेत आहे.’ म्हटलं, आठ दिवस जाऊन येतो, वडील आजारी आहेत. ‘जा ना. देश सोडलात की अर्ज रद्द.’ म्हणजे परतीचं दार बंद. इथं बायको, मुलीची शाळा, तळघरातली खुर्ची... सगळं त्या भोकापलीकडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ती पाटी बरोबर होती, फक्त ती बाबांच्या फोनवर दिसायला पाहिजे होती. ‘हा मुलगा आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.’

मग मी ताईला सांगितलं, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिही, आणि त्यांच्या हातात दे. लिही, ‘माझं इथलं यंत्र बिघडलं. काही ऐकू येत नाही. परत फोन धराल का?’ ताई म्हणाली, त्यांनी तो कागद दोनदा वाचला. उठले. शर्ट बदलला. केस विंचरले... रेडिओपुढे फोन धरायला, केस विंचरले हो!

दुसऱ्या दिवशी साडेसातला मिस्ड कॉल. मी लावला. आणि पलीकडून... खर्रर्रर्र. नुसती खरखर! काटा स्टेशनावरून सरकलेला, आणि त्यांना कसं कळणार? अर्धा तास खरखर. छत्री नाही, पाणी नाही, गाणं नाही. आणि त्या खरखरीत, टक्. टक्. मी डबा तसाच ठेवून ऐकत बसलो. आठला, ‘झालं. स्वच्छ ऐकू आलं?’ आणि मी असा काही ओरडलो, ‘हो बाबा! एकदम स्वच्छ!’ की पाचही जणांनी मशिनी थांबवून माझ्याकडे बघितलं. ‘बरं.’ कट.

दोन महिने झाले. रोज खरखर. आणि तुम्हाला सांगतो, तो टक् मोठा होत चाललाय. पूर्वी कोरडा, आखूड यायचा. आता आधी पोकळी, मग टक्. ताई म्हणते, ‘बाबा ठणठणीत आहेत, नीट जेवतात, तू काळजी करू नकोस.’ अगं, कुणाला सांगतेस? एवढी वर्षं हेच करतोय मी! हिरडी किती आटली ते मला आवाजावरून कळतं, गाल बसलेत ते कळतं, वजन उतरलंय ते कळतं. माणूस जसा कमी कमी होतोय, तसा मला जास्त जास्त स्वच्छ ऐकू येतोय.

परवा ताई लवकर पोचली. फोनवर तिचा आवाज, ‘अगंबाई! हे काय, नुसती खरखर? काटा भलतीकडेच आहे की! तू इतके दिवस ऐकत काय होतास? थांब, स्टेशन लावून देते.’ मी ताडकन उठलो, म्हटलं, ताई, त्या काट्याला हात लावू नकोस! ‘अरे पण तुझी छत्री, तुझं पाणी?’ म्हटलं, ते सगळं मला इथं ऐकू येतं ग, यंत्र बिघडलेलं नाहीये. ती म्हणाली, ‘म्हणजे तुला खरखर ऐकायची आहे?’

म्हटलं, हो. आमच्या प्रदेशात तेवढी एकच सेवा उपलब्ध आहे. साडेसात ते आठ... आणि किती दिवस, ते काही पाटीवर लिहीत नाहीत.