चेसी कुणाची?

अंबाडी नाक्यावर एसटीची वाट बघणाऱ्या प्रमोदिनीबाईंच्या कानावर शेजारच्या जोडप्याचं बोलणं पडलं. बायकोच्या मांडीवरच्या खोक्यात हॉट रॉडचं, म्हणजे इंजिन बदलून वेगवान केलेल्या जुन्या गाडीचं, वीतभर मॉडेल होतं. त्याची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, पितळी नळ्यांची होती.

"मनाली, प्रदर्शनात सांग, चेसी मनोजनं, तुझ्या नवऱ्यानं बनवली."

"का? पितळी नळ्या मी कापल्या, डाग देऊन जोडल्या मी."

"बाईनं केली म्हटलं तर कोन मानणार न्हाय."

"मग त्यांच्यासमोर दुसरी बनवते."

"निदान बाहेरून मागवली म्हन."

"मागवलेली बसलीच न्हाय. तेव्हा तू गाडी भंगारात टाकायला निघालेलास."

"लोक हसतील ग."

"हसू देत. नाव माझंच सांगणार."

एसटी आली. मनोजनं खोक्याला हात घातला.

"राहू दे. मीच धरते. तू तिकिटं काढ."