एकाची हरकत आहे

...आणि वर तोंड करून मलाच विचारतात, "मिस व्हर्लीन, आज सूप नाही?" नाही! सिनेटच्या खाणावळीत घेवड्याचं सूप शंभर वर्षं रोज असतं, त्यातली एकतीस वर्षं डाव माझ्या हातात, लढाया झाल्या, सरकारचं कामकाज बंद पडलं, सूप कधी बंद पडलं नाही... ते मी बंद पाडलं! का म्हणून काय विचारता, ऐका तर!

आमचे क्लीटस भावोजी, थोरल्या ओडेसाताईचे नवरे. अडतीस वर्षं आमच्या खेड्यात टपाल वाटलं. कुत्री चावली, पूर आले, एकदा तर अंगावर आलेल्या मगरीला पत्रांची पिशवीच फेकून मारली, आणि ती सगळी पत्रं वाळवून घरोघर पोचवली. ते गेले. ताई आता एकोणनव्वदची, तिची एकच इच्छा, गावच्या पोस्टावर त्यांच्या नावाची पाटी बघायची. आता पाटीला काय लागतं? चार खिळे? अहो, पाटीला कायदा लागतो! अख्ख्या देशाचा!

तुम्हाला सांगते, शाळेची पायरी मी चढले नाही, पण कायदा कसा होतो ते सूप वाढता वाढता पाठ झालंय. आमच्याकडच्या प्रतिनिधीने खालच्या सभागृहात बिल मांडलं, समितीने मान डोलावली, सभागृहाने 'हो' म्हटलं, आणि बिल आलं वर, सिनेटात. इथे शंभर जण. रीतसर चर्चा-मतदान करायचं तर आठवडा जाणार, आणि पाटीसाठी आठवडा कोण घालवतो? म्हणून पाट्या सगळ्या एका दमात. कुणाची हरकत? नाही? झालं! आणि शंभरातल्या एकाची असली तर? नाही झालं! तो एक कोण? दोन दिवसांत नाव सांगावं असा नियम आहे म्हणे. नियम आहे, नाव नाही!

सिनेटच्या कारकुनाला गाठलं. "एकाची हरकत आहे, मिस व्हर्लीन." अरे, पण कोणाची? "एकाची!" आणि नाताळाला ही मंडळी उठली की न झालेलं सगळं रद्दीत, जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून! दोनदा झालंय हो असं! तिकडून ताईचा फोन, "झालं का गं?" नाही गं, एकाची हरकत आहे. "अगं, मग धर ना मेल्याला!"

धरते! म्हटलं, थांबा, तुमचंच औषध तुम्हाला पाजते. पातेल्यावर झाकण घातलं आणि वर हात ठेवून बसले. पहिला आला पांढऱ्या केसांचा. "सूप, मिस व्हर्लीन?" एकाची हरकत आहे, साहेब. "कोणाची?" नाव सांगत नाहीत. "पण बाकी सगळ्यांना पाहिजे ना!" हो ना साहेब, नव्व्याण्णवांना पाहिजे. "अहो, मग हा काय न्याय झाला?" तुम्हाला सांगते, हे तो म्हणाला! स्वतः बिलं अडवणारा तो! दुसरा आला तो, "माझ्या सन्माननीय मैत्रिणीला नम्र विनंती करतो" म्हणत झाकणासमोर पाऊण तास भाषण ठोकून गेला. झाकण ढिम्म हललं नाही.

चौथ्या दिवशी त्या शंभरातले लडलोसाहेब आले. एकाची हरकत आहे, म्हटलं. तर उसळून म्हणतात, "सुपाचा आणि त्या पोस्टाच्या पाटीचा संबंध काय?"

...मी पाटीचं अवाक्षर काढलं नव्हतं!

म्हटलं, साहेब, आमच्या भावोजींनी तुमचं काय घोडं मारलं होतं? "छे, छे! मी ओळखतसुद्धा नाही त्यांना! आमच्याकडे विमानाची धावपट्टी हवीय, ती मिळेपर्यंत मी सगळंच अडवतो. मनाला लावून घेऊ नका, इथे असंच चालतं." असंच चालतं? बरं! भांडी घासणाऱ्या पोरीला अक्षरं येतात, तिच्याकडून दारातल्या फळ्यावर मोठ्ठं लिहून घेतलं, 'आज सूप नाही. हरकत: लडलोसाहेब.' काय सांगू तुम्हाला, नव्व्याण्णव उपाशी माणसं, दोन्ही पक्षांची, जन्मात एकत्र न आलेली, एकदम त्याच्या अंगावर! दुपारच्या आत हरकत मागे. मग मी झाकण काढलं, सगळ्यांना वाडगे भरभरून, आणि त्याच्या वाडग्यात? एक दाणा. मोजून एक! काय गोड वाटलं म्हणता!

दुसऱ्या दिवशी सकाळी नाचत गेले कारकुनाकडे. तो खाली मान घालून म्हणतो, "मिस व्हर्लीन... एकाची हरकत आहे."

लडलोची? "नाही, नवीन आहे कोणीतरी." कारण? "एवढंच कळलंय, की तीन दिवस त्यांना सूप मिळालं नाही."

आता काय करता! फोनवर ताई, "झालं का गं?" आणि इकडे नाताळ तोंडावर, आणि तो मेला शंभरातला कोण ते कळत नाही, म्हणून सगळ्यांकडे बघून हसते, "घ्या साहेब, थोडं अजून घ्या" म्हणते, आणि प्रत्येकाच्या वाडग्यात सुपातल्या हॅमचा एकेक तुकडा जास्तीचा घालते... लडलोच्यासुद्धा!