बॉल बाहेर मारणारी मनी

तात्या, माई, आणि मनीसाठी जमलेल्या सगळ्यांनो,

मला जरा इकडंतिकडं चालत बोलू द्या. मी तिची कोच. सगळा जन्म मैदानाच्या कडेनं येरझाऱ्या घालण्यात गेला, माइकसमोर एका जागी उभं राहणं मला जमत नाही. आणि आज तर पाय ठरतच नाहीयेत. समोर हार घातलेला फोटो आहे आणि मनीला 'होती' म्हणायचंय. कसं म्हणू?

दिंडोरीची ही पोर शाळेत असताना माझ्याकडं आली. काटक, हट्टी, उलट बोलणारी. पुढं गोव्याला, केरळला क्लबकडून पगारी फुटबॉल खेळली. आमच्या मैदानावरून एवढी लांब गेलेली ती पहिलीच.

एक मॅच सांगते. फायनल होती, बरोबरीत. मनी बॉल घेऊन एकटी पुढं, समोर फक्त गोलकीपर. मागं त्यांची एक पोरगी पाय धरून पडली. मनीनं वळून बघितलं आणि बॉल सरळ बाहेर मारला! मी किंचाळले, "अगं बये, काय केलंस?" ती म्हणाली, "मॅडम, पोरगी पडलीये. खेळ थांबवायला नको?"

हरलो. परतीच्या गाडीत मी तिच्याशी बोलले नाही. ही मात्र मागच्या सीटवर मस्त घोरत होती.

मग एका मुलाखतीत तिनं सरळ सांगितलं, माझी जोडीदार बाई आहे, आम्ही एकत्र राहतो. क्लबनं पुढचा करार केला नाही. गावात तोंडं फिरली. तेव्हा मनी पडली होती. कुणी बॉल बाहेर मारला? खेळ चालूच होता ना आपला?

ती उठली. नाशिकला आली. घरातून हाकललेल्या पोरापोरींना घेऊन दर रविवारी मैदानावर उतरायला लागली. मोर्चात सगळ्यात पुढं चालायची. देवळ्याच्या एका मुलीचं लग्न जबरदस्तीनं लावत होते, तर ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. मुलीची आई तडकली, "तुमची पोर असती तर कळलं असतं!" मनी म्हणाली, "काकू, मीपण कुणाची तरी पोरच आहे." माऊलीनं मग चहा टाकला. लग्न मोडलं.

माझ्याआधी बोलले ते सगळे म्हणाले, 'तिचं ते सामाजिक कार्य'. कसलं सामाजिक कार्य? झाडं लावायची का ती? नाव घ्यायला जीभ का अडखळते? बाईवर प्रेम करणारी बाई होती आमची मनी. तिच्यासारख्यांसाठी भांडत होती. झालं. बोलले मी. छत कोसळलं का?

आता राग येऊ द्या माझा, पण मला राहवत नाहीये. तिकडं दाराशी, चपलांजवळ सुजाता बसलीये. मनीची जोडीदार. आजारपणात मनीला उचलून बसवणारी, भरवणारी, नोकरीवर पाणी सोडणारी. कुणी तिला पुढं बोलावलं नाही. सांत्वनाला आलेले तिला ओलांडून आत गेले, मी बघत होते.

तात्या, तुम्ही बाप आहात. तुमचं दुःख मी मोजणार नाही. पण तुमच्या शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवलीये. ती उचला.

सुजाता, ऊठ. मान वर कर. ये पुढं. बाकीच्यांनी पाय आवरा, तिला वाट द्या.

मौन पाळायचंय, माहितीये मला. मनी गेली त्याचं मौन पाळू. पण सुजाता त्या खुर्चीवर बसल्याशिवाय मी मौन सुरू करणार नाही. उभी राहते इथंच.

तात्या...

हां. ठेवा, खाली ठेवा पिशवी. माई, धरा तिचा हात.

बसली.

आता उठा सगळे. मने, बॉल बाहेर मारलाय गं. थांबलाय खेळ.