बांगडीची निशाणी

माजं म्हायेर तुंगार्लीचं, मास्तर, लगीन झालं ते वडिवळ्याला, नवरा चार वर्सांत पटकीनं गेला, पदरात पोर न्हाई, म्हायेरचे न्यायला आले तर मामंजी म्हनले, शेवंता हितंच ऱ्हाईल, ही माजी लेक हाय. तवापास्नं त्यांची भाकर मी थापली आन खाचरात आवनी बी मीच केली, गुडघाभर चिखलात.

ते भाताचं खाचर मामंजींनी सोताच्या कष्टानं घेतलेलं, वाडवडलांचं न्हवं. मरायच्या आदी वकिलाकडनं मृत्युपत्र लिवून घेतलं, बैलजोडी पुतन्याला, म्हंजे माज्या चुलतदिराला, भिवाला, आन खाचर सुनंला. आन माघारी ही वाटनी करायची कुनी, तर भावकीतलं कुनी न्हाई, इमामभाई मणेराचं नाव घातलं. कामशेतचे, गावोगाव बायांना बांगड्या भरायचे. भावकी म्हनली, म्हातारा चळला. मामंजी म्हनले, घराघरात ऊठबस हाय त्याची, पर एका घरातलं दुसऱ्या घरात कदी बोलला न्हाई. काय सांगू तुमाला, लय पारख हुती मामंजींना.

तेरावं झालं तसं इमामभाईंनी पैलं बैल भिवाच्या गोठ्यात सोताच्या हातानं बांधले. मंग खाचर माज्या नावावर करायला आमी वडगावच्या कचेरीत गेलो, भिवा बी संगं आला. तवा लिवता न येनारा बाप्या कागदावर नांगर काढायचा आन बाई बांगडी, तीच सही. कारकुनानं कागद सरकवला, म्हनला, बांगडीची निशाणी कर. आन माजा हातच उचलंना. कपाळ पुसलेली बाई मी, बांगड्या फोडलेल्या, मला पाप लागंल वाटलं. भिवा लगेच म्हनला, ऱ्हाऊ दे वहिनी, तुज्या जागी मी नांगर काढतो. आन मी यडी, व्हय म्हनले. त्याचा नांगर पडला असता तर खाचर त्याचंच झालं असतं, ह्ये मला कुटं ठावं.

इमामभाईंनी कागदावर तळहात ठिवला. म्हनले, भिवा, बस खाली. मंग मला म्हनले, पोरी, जलम गेला माजा बांगड्या भरन्यात, नवऱ्याच्या नावाची बांगडी येगळी, ती फुटली, तिला माजा बी विलाज न्हाई, पर ही तुजी हाय, लिवता येत न्हाई म्हनून तुजं नाव हाय ती. मी नुसती रडाया लागले. कारकून वरडला, भिवा चिडला, पर ह्यो मानूस हालंना. म्हनले, हिच्या निशाणीबिगर मी सही करनार न्हाई, आज न्हाई तर उद्या येऊ, उद्या न्हाई तर परवा.

तीन डाव चालत गेलो, मास्तर. तिसऱ्या खेपंला मीच टाक मागितला. जलमात टाक धरला न्हवता, बांगडी कसली, चेपलेली भाकर निगाली. इमामभाई म्हनले, झाक जमली.

त्यापायी भावकीनं दोन वर्सं आपल्या बायांना त्यांच्याकडं बांगड्या भरू दिल्या न्हाईत. सनासुदीला वेशीतनं माघारी जायचे, पर माज्या दारात त्याचा शबुद काढला न्हाई. नवं तांदूळ दिलं तर म्हनायचे, मूठभर दे, चवीपुरतं. देवमानूस हुता, अल्ला त्यांना सुखात ठिवो.

आता भिवाची लेक, नवऱ्यानं टाकलेली, माज्याकडं ऱ्हाती, आवनीला संगं येती, खाचर तिला द्यायचं मी ठरवलंय. परवा मृत्युपत्र लिवताना वकील म्हनला, आजी, तुमच्या माघारी ह्ये बघनार कोन, नाव सांगा. समदं वडिवळं डोळ्याम्होरनं घातलं, मास्तर, नाव सापडंना. मरायला मी कवाची तयार हाय, पर तसा मानूस गावंस्तवर मला मरता यायचं न्हाई.