रजा सगळ्यांना

नॅडीन : हळू बोल, खोकल्याची उबळ येईल. मार्लीस कुठाय?

ऑरिन : बायको गेलीय औषधं आणायला. तू विषय बदलू नकोस. वकील काय म्हणाला?

नॅडीन : राज्याच्या रजेच्या कायद्यावर तुझी केस उभीच राहत नाही म्हणाला.

ऑरिन : का? मी या राज्यात राहत नाही? कर भरत नाही?

नॅडीन : रेल्वेवाल्यांच्या आजारपणाचा कायदा वॉशिंग्टनचा आहे. त्यात लिहिलंय, या बाबतीत राज्यांनी तोंड घालायचं नाही.

ऑरिन : बरं. मग वॉशिंग्टन मला काय देतं?

नॅडीन : काही दिवस अंथरुणाला खिळलास, की थोडा भत्ता.

ऑरिन : आणि नोकरी?

नॅडीन : त्याबद्दल काही नाही.

ऑरिन : म्हणजे स्वतः रजा देणार नाहीत, आणि राज्यालाही देऊ देणार नाहीत. वा रे वा.

नॅडीन : माझ्यावर कशाला डाफरतोस?

ऑरिन : मग कोणावर डाफरू? राज्याच्या त्या कायद्यासाठी दारोदार तू फिरलीस. याच टेबलाशी बसून म्हणालीस, आता तापात इंजिनावर चढायचं नाही. यार्डातून फोन आला, मालगाडी घेऊन निघायचंय. माझं अंग फणफणलेलं, उभं राहवत नव्हतं. युनियनचा डेल सांगत होता, हक्काच्या सुट्टीतला एक दिवस टाक, करारात बसतं, कोणी केसाला धक्का लावणार नाही. मी म्हटलं, हट्, सुट्टी कशाला घालवू? माझ्या बहिणीनं कायदा आणलाय! छाती फुगवून फोनवर सांगितलं, राज्याच्या कायद्यानं आजारपणाची रजा. त्यांनी लिहिलं, बोलावूनही गैरहजर. आणि दिलं हाकलून.

नॅडीन : मला खरंच माहीत नव्हतं रे. 'प्रत्येक कामगार' हे शब्द घालायला मी किती भांडले होते.

ऑरिन : भांडलीस खरी.

नॅडीन : डेल काही करतोय का?

ऑरिन : तक्रार लावलीय त्यानं. निकाल लागेपर्यंत घरी बसा म्हणे.

नॅडीन : जाताना अंगणातली ती प्रचाराची पाटी उपटून नेते. 'रजा सगळ्यांना' म्हणे! बघवत नाही मला.

ऑरिन : राहू दे.

नॅडीन : टोमणा मारतोयस?

ऑरिन : नाही गं. आणि मार्लीस आली की तिच्यासमोर त्या कायद्याला नावं ठेवू नकोस.

नॅडीन : का?

ऑरिन : बेकरीनं तिला आठवडाभर भरपगारी रजा दिलीय, तुझ्याच कायद्यानं. घरात आजारी माणूस आहे म्हणून.