नावेत जोडा घालून

ऋतिक : आता निळा जोडा काढ, लाल घाल. अन् तोंड इकडं कर बाबा, व्हिडिओत मागं धरण दिसलं पायजे.

उकंडा : आधी निळ्याचं लिहून घ्या ना, भाऊ. वरून जाळी आहे, पन तळव्याले एकही छेद नाही. पानी आत शिरते, निंगत नाही. बादलीत पाय घालून चालल्यावानी होते.

ऋतिक : निळा फेल. लाल सांग.

उकंडा : लाल सुकते लवकर. काठावर ठेवला तं एक बिडी होईस्तोवर कोरडा. पन तळवा पापडावानी आहे. अठी पान्याखाली जुन्या शिवारातली बाभळीची खुटं आहेत. शिवार बुडालं, खुटाचं टोक काही बुडालं नाही. पाहुन्याच्या पायात घुसलं तं तुमच्या बोटिंगचं नाव खराब.

ऋतिक : तुले टोचलं काय?

उकंडा : मले? हाव... टोचलं ना. हातानं वाकवून बी पाह्यला म्या.

ऋतिक : पायानं सांग बे, हातानं काय सांगतं! तीन जोड मागवले, रविवारच्या आत वापस धाडा लागतात. जो पास होईन त्याचे चाळीस जोड शनिवारच्या आधी पायजे मले. पाहुण्याले कयाकमध्ये बसवा, मासे पकडायले पाण्यात उतरवा, अन् पायात रबरी चप्पल? हसतील लोक. घाल आता हिरवा.

उकंडा : हा घातला. हा पाहा भाऊ, याले अकल आहे. तळव्याले छेद, पाय उचलला का पानी खाली. बोटाच्या पुढं जाड रबर. अन् मागं पट्टा. गाळात सैल जोडा खालीच राहून जाते, पाय तेवढा वर येते. हा टाच सोडत नाही.

ऋतिक : म्हणजे पास?

उकंडा : पास म्हना. अन् भाऊ... तुम्ही म्हनलं होतं, जो पास होईन त्यातला एक माह्या.

ऋतिक : जबान दिली ना मी. पण कायले पायजे तुले जोडा? सारा जन्म उघड्या पायानं गेला. पाय आहे का म्हशीचं खूर!

उकंडा : मोनाली म्हनते. पोरगी यवतमाळले नर्सिंगले आहे ना, दुसऱ्या वर्षाले. म्हनते, बाबा, आता उघड्या पायानं पान्यात जाऊ नका.

ऋतिक : आली आहे काय सुटीत? मग तिलेच लाव ना कामाले. पोरगी कयाक धरून उभी आहे, काय फोटो येतील!

उकंडा : आली आहे, पन कामाले नको जी. तिचा पाय अठी पान्यात पडू नाही, म्हनून तं मी पान्यात आहो. तिचं शिकनं होऊ द्या. तवपर्यंत मले ठेवा, बस.

ऋतिक : ठेवलं ना, कोण काढून राह्यलं? चल, कयाकमध्ये चढून दाखव. अरे, जोडा काहून काढला?

उकंडा : नावेत जोडा घालून चढत नाही आम्ही. माह्या बापानं कधी केलं नाही, म्या केलं नाही. जिच्या जिवावर पोट भरते, तिच्यावर जोडा कसा ठेवा?

ऋतिक : ही प्लास्टिकची आहे, बह्याड्या. दुकानातून आली, खोक्यात बसून.

उकंडा : असन. नावच आहे ना, भाऊ. हे पाहा, चढलो.

ऋतिक : थांब, थांब. तुह्या पायाखाली काही आहे काय तिथं?

उकंडा : काही नाही. काहून?

ऋतिक : काही नाही. उतर. जोडा घाल, अन् त्या दूरच्या खुटापर्यंत चालून ये.

(उकंडा कमरेएवढ्या पाण्यात लांब गेला आहे, नव्या जोड्याच्या कौतुकात. ऋतिक मोबाइल तोंडाशी धरून दोस्ताला निरोप पाठवतो. आवाज हळू आहे, पण त्यात मजा मावत नाही.)

ऋतिक : पूनमसिंग, व्हिडिओ धाडला, शेवटपर्यंत पाह्य. कालच्या नागपूरवाल्याच्या गळाची दोरी तुटली होती ना, तो गळ कयाकमध्येच पडून होता. बुढ्यानं त्याच्यावरच पाय देला. डाव्या टाचेत पुरा घुसला, अन् बुढा हसून राह्यला! वरून जोडा घातला त्यानं. मी काही बोललो नाही. पाहू, किती चालते तं. थांब, येऊन राह्यला. हं, बाबा! कसा आहे?

उकंडा : लय नरम, भाऊ. कापसावर चालल्यावानी.

ऋतिक : टाचेले काही लागते?

उकंडा : काही नाही.

ऋतिक : नीट सांग, चाळीस जोडाचा सवाल आहे. डाव्या टाचेले?

उकंडा : डावी टाच तं गादीवर आहे, भाऊ.

ऋतिक : आणखी तीन चकरा मार. जोर देऊन.

उकंडा : हे घ्या. चार झाल्या. आता तं माह्या झाला ना जोडा?

ऋतिक : उडी मारून दाखव एक.

उकंडा : या वयात उडी? बरं. हे पाहा!

मोनाली : बाबा! बाबा, थांबा तिथंच. हलू नका.

उकंडा : आली काय मोना? डबा तठी काठावर ठेव. जोडा पाह्य माह्या, भाऊ देऊन राह्यले.

मोनाली : तुमच्या पायापाशी पाणी लाल काहून आहे?

उकंडा : लाल जोड्याचा रंग सुटला असन.

मोनाली : पायात हिरवा जोडा आहे, बाबा. या, खांद्यावर हात ठेवा माझ्या. बसा इथं. पट्टा मी काढते... आई गं.

उकंडा : काय झालं?

मोनाली : गळ आहे. पुरा आत गेला, दोरीचा तुकडा तेवढा बाहेर आहे.

उकंडा : कोनाच्या पायात?

मोनाली : तुमच्या, बाबा. हात लावू नका. ओढला तर काटा मांस घेऊन येईन बाहेर.

उकंडा : हळू बोल, बाई. भाऊ ऐकन.

ऋतिक : भाऊनं आधीच पाह्यलं, बाबा.

मोनाली : तुम्हाले दिसला होता? कधी?

ऋतिक : कयाकमध्ये चढला तेव्हाच.

मोनाली : अन् चालू देलं? उडी मारायले लावली? लाज नाही वाटली, ऋतिकभाऊ? बैलाच्या पायात खिळा दिसला तरी माणूस गाडी थांबवते!

ऋतिक : आवाज खाली. मी खुपसला काय गळ? मी तं सांगत होतो, जोडा घालून चढ. यालेच नावेची पूजा करा लागत होती. सांग बाबा, शुगर आहे ना तुले? कधीपासून पाय मुके झाले?

उकंडा : दोन वर्षं झाली. पन काम थांबलं काय, भाऊ? एक पाहुना पडू देला काय म्या?

ऋतिक : अन् माह्या चाळीस जोडाची ऑर्डर? ज्याले सोताच्या पायात गळ कळत नाही, त्याच्या पायावर मी जोडे पास करून राह्यलो!

उकंडा : जोडा म्या खोटा नाही सांगतला. पानी कसं निंगते, ते डोयानं दिसते. तळवा हाताले कळते. काढल्यावर कातडीवर वळ किती उठला, ते पाह्यलं म्या दरवेळी. तीस वर्षं या पान्यात आहो, भाऊ.

ऋतिक : बस झाले तीस वर्षं. उद्यापासून येऊ नको. लोकाची लेकरं धरा लागतात पाण्यात, मुक्या पायाचा माणूस नाही चालत. जोडा घेऊन जा. रक्त लागलेला माल तसाही वापस जात नाही. पाळली ना जबान?

मोनाली : ते नंतर बोलू. आधी गाडी काढा, यांना दिग्रसले दवाखान्यात नेऊ.

ऋतिक : नवी सीट आहे. गावातून ऑटो बोलव.

उकंडा : मोना, खरं सांग, तू शिकून राह्यली. पाय राहीन काय माह्या?

मोनाली : धुऊन, काढून, औषध चालू केलं तर...

उकंडा : राहीन काय?

मोनाली : माहीत नाही, बाबा.

ऋतिक : शनिवारी बावीस पाहुणे आहेत. तुमच्या घरचं कोणी आलं तं ठीक, पाण्याची सवय आहे तुम्हाले. नाही तं पलीकडच्या गावचा भीमराज रोज फोन करून राह्यला. लवकर सांगा, ऑर्डर आताच टाकतो.

उकंडा : तिचं कॉलेज आहे, भाऊ. मी पट्टी बांधून येतो. काठावर बसून सांगीन पाहुन्याले. पाया पडतो.

ऋतिक : पाया नको पडू, रक्त सांडून राह्यलं. मोनाली, तुह्या पायाचा नंबर काय?

मोनाली : बाबा, तुम्ही उठा. आपण जाऊ.

ऋतिक : नंबर सांग. का भीमराजले फोन लावू?

मोनाली : ...पाच.

ऋतिक : हिरवाच टाकतो. सहाचा घे, आरामात बसते.

उकंडा : नको. पाचच टाका. सैल घेतला तं गाळात राहते.

मोनाली : बाबा, चला. ऑटो येते तवपर्यंत रस्त्यापाशी बसू.

उकंडा : हाव. अन् मोना... नावेत चढतानी काढू नको.